बाळ बुजलं, आणि शिक्षा आत्याला

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी विचारपूस केली, तब्येत बरी आहे ना म्हणून. तब्येत उत्तम आहे. लिहिण्याजोगं एकच होतं आणि तेच लिहायला हात धजत नव्हता, कारण हे पान आमच्या घरचे आणि नात्यातलेही वाचतात. आज ठरवूनच बसले आहे. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे. त्र्याहत्तर वर्षांची झाले, आता नाही बोलायचं तर कधी?

तर गोष्ट अशी. आमचा नातू एप्रिलचा. सूनबाईला आई नाही, म्हणून बाळंतपण साताऱ्यात आमच्याच घरी झालं. माझे गुडघे गेलेले, खाली बसून बाळाला न्हाऊ घालणं मला शक्य नव्हतं. तेव्हा माझ्या धाकट्या नणंदबाई वाईहून आल्या, त्या चांगल्या तीन महिने राहिल्या. पाय लांब करून त्यावर बाळाला आडवं घ्यायचं, कोमट तेलाने अंग चोळायचं, मग मसुरीचं पीठ, मग ऊन पाणी. पोर त्यांच्या पायांवरच पेंगायला लागायचं. (धुरी आणि काजळ डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. धुराने छातीला त्रास, आणि काजळात शिसं असू शकतं म्हणून. वन्संनी एका शब्दाने वाद न घालता दोन्ही बंद केलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे ज्यांनी शहाणपण शिकवलं त्यांनी काजळावरून डॉक्टरांशीही वाद घातला असता.) पुढेही महिन्यातून दोनदा तरी त्यांची फेरी असायची. त्यांचा आवाज जिन्यात आला की बाळ हातपाय झाडायला लागायचं.

दिवाळीनंतर वन्सं सोलापूरला भाचीकडे गेल्या. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे होते. परत आल्या त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. बाळाला नववा महिना चालू होता. वन्संच्या डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा, अर्धा चेहरा झाकलेला. रिक्षातून उतरल्या, चपला काढतात न काढतात तोच दोन्ही हात पसरून "माझा सोन्या गं!" करत सरळ बाळाकडे गेल्या. बाळ क्षणभर टक लावून बघत राहिलं, मग ओठ मुडपले आणि अशी किंकाळी फोडली की शेजारचे दारात आले. आईच्या खांद्यात तोंड खुपसलं ते वर काढेचना. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच.

तिसऱ्या दिवशी नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या होत्या. नाव घेत नाही, त्या वाचतील आणि ओळखतील. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि म्हणाल्या, "लहान लेकराला माणूस बरोबर कळतो हं. देवाघरचं असतं ते." मग आवाज खाली आणून, पण वन्संना ऐकू जाईल इतपतच खाली, "मुद्दाम नाही हो लावत कुणी नजर. पण पदरी मूल नाही, कुंकवाचा आधार नाही, जीव गुंतणारच. काढून टाका दृष्ट." आणि मीठ-मोहरी मागितली.

मंडळी, डबा मी काढून दिला.

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. दाभोलकरांच्या साताऱ्यात आयुष्य गेलं, त्यांची भाषणं पहिल्या रांगेत बसून ऐकली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचा खून झाला तेव्हा इथल्या निषेध मोर्चात चालले. आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच नणंदेसमोर तिच्या नजरेचा उतारा म्हणून मीठ-मोहरी ओवाळली जात असताना मी "पाहुण्यांशी वाद कशाला" म्हणून गप्प राहिले. मोहरी तडतडली. "बघा, किती होती!" असंही म्हणून झालं. तापलेल्या तव्यावर मोहरी टाकली तर ती तडतडणारच. रोज सकाळी फोडणीत तडतडते, तेव्हा कुणाची नजर असते?

संक्रांतीनंतरच्या रविवारी बोरन्हाण होतं. वन्संना सांगण्यात आलं, "तुमच्या डोळ्यांचं आत्ताच ऑपरेशन झालंय, बोरं-चुरमुरे उडतील, तुम्ही आतल्या खोलीतच बसा." किती काळजीचं वाक्य! त्या बसल्या. बाहेर हलव्याचे दागिने घालून बाळाचे फोटो चालले होते आणि ज्या बाईने त्याला तीन महिने पायांवर न्हाऊ घातलं ती दार लोटून आत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या वाईला गेल्या, त्या आजतागायत आलेल्या नाहीत.

आता माझं म्हणणं ऐका.

"लहान मुलांना माणूस कळतो" हे वाक्य आपल्याकडे इतक्या लाडाने बोललं जातं की ते खोटं आहे हे म्हणायचीही चोरी. पण ते खोटं आहे. दोन-तीन महिन्यांचं बाळ कुणाहीकडे बघून हसतं. तेव्हा त्याला माणसातलं बरंवाईट कळत नव्हतं, आणि नवव्या महिन्यात अचानक कळायला लागलं? मग लस टोचणाऱ्या नर्सइतकी दुष्ट बाई जगात नाही असं म्हणावं लागेल. आणि बिस्किट दाखवून कुणाच्याही मागे जाणारी मुलं आपण पाहतो, ती त्या माणसाचं शील पारखून जातात की काय?

बाळाला जे कळायला लागतं ते वेगळंच आहे, आणि ते फार सुंदर आहे. सहा-सात महिन्यांपर्यंत समोरून गेलेली वस्तू त्याच्या लेखी जणू संपलेली असते. खुळखुळ्यावर फडकं टाका, ते शोधत नाही. आठव्या महिन्याच्या सुमारास ते फडकं उचलून बघायला लागतं. ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने हे स्वतःच्या मुलांवर बारकाईने टिपून ठेवलं. म्हणजे आता दिसत नसलेली गोष्टही मनात राहू लागली. आईचा चेहरा मनात राहू लागला. आणि चेहरा मनात राहिला की समोरचा चेहरा त्याच्याशी ताडून बघता येतो! जुळला नाही की धास्ती. रेने स्पिट्झ या व्हिएन्नात जन्मलेल्या डॉक्टरांनी या धास्तीला नावच आठव्या महिन्याचं दिलं. साधारण सहा-आठ महिन्यांत सुरू होते, वर्षाच्या आसपास जोरात असते आणि दुसऱ्या वर्षात हळूहळू ओसरते. काही बाळांत फार, काहींत जेमतेम. म्हणजे जी गोष्ट बाळाची अक्कल वाढल्याची खूण, तिला आपण आत्याच्या नजरेचा दोष ठरवलं.

"पण वन्सं काही परक्या नव्हत्या", असं कुणी म्हणेल. बरोबर, आणि गोम तिथेच आहे. पूर्ण परक्यापेक्षा अर्धवट ओळखीचा माणूस जास्त घाबरवतो. डोनाल्ड हेब नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींचं निरीक्षण करून १९४६ साली भीतीवर एक निबंध लिहिला. त्यात हेच आहे: चिंपांझींना दोन रखवालदार चांगले ओळखीचे, दोघांचेही लाडके. पण एकाने दुसऱ्याचा कोट अंगात घातला की ते भेदरायचे. माणूस ओळखीचा, कोट ओळखीचा, मेळ मात्र बसत नाही. आमच्या बाळापुढे नेमकं तेच झालं. आवाज आत्याआजीचा, आणि जिथे डोळे असायला हवेत तिथे दोन काळ्या खापऱ्या! बाळं चेहऱ्यात सगळ्यात आधी डोळे शोधतात. त्यात सात आठवड्यांची गैरहजेरी, त्यात अंगावर धावून आल्यासारखी येणारी मोठी आकृती. मी बाळ असते तर मीही किंचाळले असते.

आणि हे पुरतं पटवून देणारा पुरावा आमच्याच घरात होता, तो मला फार उशिरा आठवला. डिसेंबरात माझ्या मुलाने दाढी-मिशी सफाचट केली. न्हाणीघरातून बाहेर आला आणि बाळाने सख्ख्या बापाला बघून अस्साच टाहो फोडला. अर्धा दिवस जवळ गेलं नाही. त्याचं काय झालं? व्हिडिओ काढला. नात्यातल्या सगळ्यांना पाठवला. "बापाला ओळखलं नाही पठ्ठ्याने!" म्हणून हशा पिकला. वर उल्लेख केलेल्या बाईंनीही हसण्याच्या तीन बाहुल्या पाठवल्या होत्या, माझ्या फोनवर अजून आहेत. बापाला कुणी म्हणालं नाही की "लेकराला माणूस कळतो हं". त्याची कुणी दृष्ट काढली नाही. त्याला कुणी आतल्या खोलीत बसवलं नाही.

रडणं तेच, बाळ तेच, कारणही तेच. एकाचा चेहरा मिशीविना बदलला, एकीचा चष्म्याने. मग निवाडा वेगळा का? कारण निवाडा बाळाने दिलाच नव्हता. तो आपल्याकडे आधीपासून तयार होता. विधवा, निपुत्रिक, एकटी राहणारी. बाळाचं रडणं फक्त साक्षीला बोलावलं. ज्याला बोलता येत नाही असा साक्षीदार किती सोयीचा! त्याच्या तोंडी वाटेल ते घालता येतं.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा आमच्या घरात पेपर वाचून केवढं कौतुक झालं! वाचणारी मीच होते. आमच्या घरी कुणी कुणाच्या बांगड्या फोडत नाही, आम्ही सुशिक्षित. आम्ही फक्त "तुमच्या डोळ्यांना त्रास होईल" म्हणतो.

आणखी एक, आणि ते ऐकून माझ्या सूनबाईंना बरं वाटेल. बाळ बुजलं की आत्याखालोखाल दोष येतो तो आईवर. "अंगावरचं करून ठेवलंय", "माणसांत सोडत नाही", "आमच्या वेळी मुलं कुणाच्याही कडेवर जायची". अहो बायांनो, आपल्या वेळी वाड्यात वीस माणसं होती. बाळाने जन्मापासून ते वीस चेहरे रोज पाहिलेले, त्यांच्याकडे जाण्यात नवल काय? तेच मूल दारात पिंगळा किंवा वासुदेव आला की पदराआड लपायचं, हे सोयीने विसरलो. एकत्र कुटुंबात वाढलेली मुलंही बुजतातच. मेरी एन्सवर्थ या बाई १९५४-५५ मध्ये आफ्रिकेत युगांडातल्या खेड्यांत सव्वीस आयांच्या तान्ह्या मुलांचं निरीक्षण करत होत्या. तिथेही आई उठून गेली की रडणं, परक्याला बघून आईला बिलगणं हे होतंच. त्या आयांनी काही पोरांना मोबाईल दाखवून बिघडवलं नव्हतं!

मराठीत यासाठी किती नेमका शब्द आहे पाहा: बुजणं. बैल बुजतो, घोडा बुजतो, बाळ बुजतं. वर्गात शब्द शिकवताना मी सांगायची, या क्रियापदात ज्याला बघून बुजलं त्याचा दोष कुठेच नाही. झाडाला टांगलेलं धोतर वाऱ्याने हललं तरी बैल बुजतो, म्हणून शेतकरी धोतराला शिव्या देत नाही. बैलाला थोपटतो, थांबतो, मग पुढे नेतो. अडाणी म्हणवणाऱ्या माणसाला जे कळतं ते आम्हा बी.ए. झालेल्यांना कळलं नाही.

आणि ते "रडू दे, होईल सवय" म्हणणारे! रडणाऱ्या बाळाला आईकडून ओढून घ्यायचं, ते हात पसरतंय तरी द्यायचं नाही आणि आपण कसं गप्प केलं याची फुशारकी मारायची. असं गप्प झालेलं मूल शांत नसतं, थकलेलं असतं. त्यातून ते एवढंच शिकतं की हा माणूस आला की आई जाते. म्हणजे भीती पक्की झाली.

उलट घडतं ते आईच्या चेहऱ्यावरून. १९८५ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली एका ठिकाणी फूटभर खाली उतरल्यासारखं दिसावं अशी रचना, आणि पलीकडे आई. बाळ त्या कडेशी येऊन थबकतं आणि आईकडे बघतं. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पलीकडे रांगत गेली. भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. आता आमच्या घराचा विचार करा. मीठ-मोहरी झाल्यापासून वन्सं खोलीत आल्या की सगळ्यांचे चेहरे आक्रसायचे. सूनबाई नकळत बाळाला घट्ट धरायची, मी नजर चुकवायची. बाळ आमच्या तोंडांकडे बघून ठरवत होतं, आणि आमची तोंडं सांगत होती की धोका आहे. पहिल्या दिवशी ते चष्म्याला भ्यालं असेल. चौथ्या दिवशी ते आमच्यामुळे भ्यालं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवते, नाहीतर माझ्या लेखाचा भलता अर्थ होईल. तान्हं बाळ कुणाहीजवळ न थांबता रडत असेल, ताप असेल, कान ओढत असेल तर दृष्टही नको आणि मानसशास्त्रही नको, डॉक्टर गाठा. आणि मूल तीन-चार वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल, एरवी धीट असेल आणि एकाच माणसाला टाळायला लागलं असेल, तर तिथे "बुजलंय" म्हणून सोडू नका. त्याला विचारा, ऐका, त्या माणसाबरोबर एकटं सोडू नका. २०१२ चा कायदा आहे, १०९८ हा क्रमांक आहे. शाळेत असताना मी एका मुलीच्या बाबतीत "नाटकं करते" हे घरच्यांचं म्हणणं महिनाभर खरं मानलं होतं, ते मला अजून टोचतं. गंमत बघा, जिथे मुलाच्या भीतीला खरोखर अर्थ असतो तिथे आपण नात्याची अब्रू सांभाळत गप्प बसतो, आणि जिथे तिचा माणसाशी संबंध नसतो तिथे एका बाईची अब्रू घेतो.

असो. भांडून झालं, आता घरच्यांसाठी दोन सूचना. बाळाचा पहिला वाढदिवस एप्रिलमध्ये आहे. पहिलं औक्षण वन्सं करतील. बाळ रडलं तरी त्याच करतील, ते आईच्या मांडीवर बसेल आणि त्या लांबून तबक ओवाळतील. ज्यांना हे अशुभ वाटेल त्यांनी जेवायला वाजता यावं, औक्षण आधी उरकलेलं असेल. बोरन्हाणाच्या फोटोंचा अल्बम मला कुणी दाखवू नये.

मागच्या आठवड्यात वन्संना फोन केला. आधी माफी मागितली. "जाऊ द्या हो वहिनी," म्हणाल्या, "पोरगं भ्यालं, त्याला काय कळतंय." मग जरा थांबून, "काळा चष्मा केव्हाच गेला. आता साधा आहे. पण नकोच, उगाच त्याच्या जीवाला त्रास."

म्हटलं, तुम्ही येऊ नका, आम्ही येतो. येत्या रविवारी मी आणि सूनबाई बाळाला घेऊन वाईला जातो आहोत. त्यांना बजावून सांगितलं आहे: दारात हात पसरून उभं राहायचं नाही, "सोन्या" म्हणून हाका मारायच्या नाहीत, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. चटईवर बसून शेंगा सोलत राहायचं आणि माझ्याशी गप्पा मारायच्या. शेजारी एक रिकामी वाटी आणि चमचा ठेवायचा. तो आता रांगतो. येईल तेव्हा येईल.

"आणि नाहीच आला तर?" वन्संनी विचारलं.

नाही आला तर चहा पिऊन परत येऊ. पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ. एसटी आहेच.